भाल्या आणि टिकली

आमच्या म्हशींना संध्याकाळची वैरण कायम उशिरा मिळायची, आणि त्याला कारण आमची आक्का. आक्का म्हणजे माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण. तिला सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या एका गावात दिलेली होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परतली, ती आमच्या घराचं अर्धं राज्य ताब्यात घेऊनच. मुंगीलाही जपायची रीत आमच्या जैनांच्या घरांत सगळीकडेच असते, पण आक्कानं ती पार गोठ्यापर्यंत नेली होती. आप्पा ओढ्याकाठचं गवत कापून भारा बांधायचे, पण तो भारा सरळ दावणीत जायचा नाही. आधी तो बांधावर मोकळा करायचा, पसरायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, म्हणजे आत अडकलेले जीव आपापल्या वाटेनं निघून जातील. मग आक्का पदर खोचून बसायची आणि एकेक मूठ हातात घेऊन हळूहळू झटकायची. तिकडं म्हशी हंबरून गाव गोळा करायच्या. आप्पा वैतागून म्हणायचे, “आगं, म्हशी उपाशी मारून किडं जगवालीस व्हय?” आक्का मान वर न करता उत्तर द्यायची, “म्हस वरडालीय तरी. ह्यांनी कुणाकडं वरडायचं?” मग आप्पा तंबाखूची चंची काढून लांब जाऊन बसायचे.

त्या झटकलेल्या गवताशेजारी उकिडवं बसणं हा माझा लहानपणापासूनचा उद्योग. नाकतोडे उड्या मारून जायचे, कोळी पळायचे, अळ्यांना आक्का पानासकट उचलून बांधाच्या पलीकडं ठेवायची. आणि उरायचे ते ढेकण्या. पाठीवर ढाल घेतल्यासारखे दिसणारे, चपटे, संथ किडे. त्यांना बोट लागलं की असा उग्र वास सोडायचे की हात राखेनं घासला तरी जायचा नाही. त्या वासाच्या हातानं मी जेवायला बसले की अव्वा, म्हणजे माझी आई, ताट बाजूला सारायची. “जा, परत धुऊन ये. घुट्याला बी त्योच वास मारालाय.” दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकायची. चुलीवरची पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी, लसणाशिवायचं उडदाचं घुटं, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि वाटीभर दही. चौमासात पालेभाजी घरात यायची नाही, त्यामुळं घुटं इतक्या वेळा व्हायचं की आप्पा अव्वाला विचारायचे, “आज तरी येगळं कायतरी हाय का?” आणि अव्वा सांगायची, “हाय की. आज घुटं जरा घट्ट हाय.” मला आता डॉक्टरनं उडीद वर्ज्य सांगितलाय. असल्या डॉक्टरचं काय करावं माणसानं!

तर ढेकण्या. सगळं गाव त्यांना एकाच नावानं ओळखायचं, पण मला त्यात दोन वेगळ्या जाती दिसायच्या आणि मी त्यांना नावंही ठेवली होती. एक लांबट, वाळक्या काडीच्या रंगाचा, डोकं पुढं टोकदार निघालेलं. तो भाल्या. दुसरी बारकी, मटकीच्या दाण्याएवढी, तपकिरी, आणि ढालीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन पांढुरके ठिपके. ती टिकली. भाल्या पुरुष आणि टिकली बाई हे मी कशावरून ठरवलं कोण जाणे. दोन्हींत नर असतात आणि माद्याही, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. पण नावं पडली ती पडली. आक्कासुद्धा गवत झटकताना म्हणायची, “घे गं, तुझा भाल्या आला.”

आमच्या घरातून सायन्सला गेलेली मी पहिलीच. सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याहून कोल्हापूरला जायचं आणि दुपारच्या गाडीनं परत. आप्पांनी पाठवलं खरं, पण एका अटीवर. “एक वरीस जरी वाया गेलं तरी बास. मग मी स्थळं बघनार.” हे ते रागानं बोलले नव्हते, बाजाराची पिशवी हातात देताना सांगावं तसं सहज बोलले होते, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती होती. आप्पा रागात बोललेलं विसरायचे. सहज बोललेलं मात्र त्यांनी कधी मोडलं नाही.

पहिलं वर्ष पार पडलं. दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं की प्रत्येकानं किड्यांची पेटी करायची. किडे पकडायचे, मारायच्या बाटलीत घालायचे, टाचणी टोचून पेटीत लावायचे, खाली नाव लिहायचं. पेटी नसेल त्याची टर्म मंजूर होणार नाही. आता ती पद्धत गेली म्हणतात आणि गेली ते बरंच झालं, पण तेव्हा ती होती. बरोबरच्या मुली डांबराच्या गोळ्या आणायला बाजारात गेल्या. मी घरी आले आणि जेवताना हळूच विषय काढला. आक्कानं हातातला घास ताटात ठेवला. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, “शिक्षान घे, मी न्हाय म्हनत न्हाय. पर ज्या हातानं जीव मारशील त्या हातचं पाणी मला देऊ नगंस.” मला अंघोळ घातली ती तिनं, केस विंचरले ते तिनं, गोवरात रात्रंदिवस उशाशी बसली ती तीच. अव्वा दूध काढण्यात आणि रांधण्यात असायची, आणि मी वाढले आक्काच्या मांडीवर. तिला पाणी द्यायचं नाही म्हणजे या घरात मी कोण?

आप्पांकडं बघितलं तर ते भाकरीचा तुकडा घुट्यात बुडवत होते. “आक्का म्हनंल तसं,” एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. सर म्हणजे धिप्पाड गडी, आवाज असा की व्हरांड्यातली कबुतरं उडावीत. मी सगळं सांगून टाकलं. आक्का, पाणी, घास, सगळं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे मारायचं नाही. बरं. मग जिवंत आण. आणि तुला पन्नास जाती नकोत, दोनच आण, पण जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या. त्या दोघींत काय फरक आहे तो मला टेबलावर दाखवायचा. पिल्लं, अंडी, बसायची तऱ्हा, सगळं. पुस्तकातलं नको, डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे.” मी विचारलं, ढेकण्या चालतील का सर? ते एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या खोलीतले मास्तर डोकावून गेले.

घरी आले तर आक्काची नवी अडचण. “कोंडायचं? कोंडनं बी पापच की.” बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी तिनं परवानगी दिली ती अशी की किड्यांना त्यांचं स्वतःचं गवत मिळालं पाहिजे, रोज ताजं, आणि काम झालं की जिथनं आणलं तिथंच नेऊन सोडायचं. गोठ्यामागच्या कोपऱ्यातलं गवत तेव्हा कमरेएवढं वाढून तुऱ्यांवर आलं होतं. ओढ्याकाठच्या बाकीच्या पट्ट्या आप्पांनी पाळीपाळीनं कापून घेतल्या होत्या आणि कापलेल्या पट्टीत भाल्या दिवा घेऊन शोधला तरी सापडत नसे. त्या कोपऱ्यात मात्र दोघंही भरपूर. तुपाच्या रिकाम्या डब्यांत मी गवताचे ठोंब लावले, त्यावर कंदिलाच्या काचा उभ्या केल्या, वरून मलमलीचं फडकं बांधलं. एका काचेत भाल्या, दुसऱ्या काचेत टिकल्या. पिल्लंही मिळाली, आणि गवताच्या पात्यावर चिकटलेली अंडीही. अंडी म्हणजे खसखशीएवढे माठ, प्रत्येकाला वर गोल झाकण. आतलं पिल्लू झाकण उघडून बाहेर येतं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गोठ्यात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि मग मला कळलं की मी आजवर त्यांना फक्त ओळखत होते, बघितलं कधी नव्हतंच. भाल्या देठावर बसतो तो देठाच्याच दिशेनं, अंग चोरून, असा की वाळकं पान चिकटलंय असं वाटावं. जवळ गेलं की उडत नाही, पळत नाही, हळूच देठाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. आपण पलीकडं जावं तर तो अलीकडं. टिकलीला हे असलं काही जमत नाही. ती तुऱ्यावर बिनधास्त बसते, कोवळ्या दाण्यात सोंड खुपसून, आणि धक्का लागला की हातपाय आवळून सरळ खाली पडते. मग मातीत ढेकळासारखी निपचित. भाल्याची ढाल लांबट, खाली निमुळती. टिकलीची जिभेसारखी रुंद, जवळजवळ सगळी पाठ झाकणारी. भाल्याची पिल्लं पापडासारखी चपटी आणि फिकट, टिकलीची गोल आणि काळपट. वासातही फरक आहे असं मी छातीठोकपणे म्हणायचे. टिकलीचा वास करपलेल्या कोथिंबिरीचा, भाल्याचा जरा तेलकट. हे मात्र सरांनी कधी मान्य केलं नाही. माझी नात परवा बागेतल्या अशाच एका किड्याचा फोटो काढून मोबाईलला विचारत होती आणि मोबाईलनं चटकन लॅटिन नाव सांगितलं. मी तिला म्हटलं, आता हुंगून बघ. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की म्हातारीचं काही खरं नाही.

आक्का सुरुवातीला त्या काचांकडं बघतही नव्हती. मग एक दिवस मी कॉलेजातून आले तर गवत बदललेलं. “सुकलंतं,” ती म्हणाली. “मी म्हनलं, पोरगी येईतोवर काय खातील?” तिथून पुढं तो तिचाच कारभार झाला. सकाळी अंघोळ करून बस्तीत, म्हणजे आमच्या जिनमंदिरात, जायच्या आधी काचांपाशी बसायची. “ह्यो बघ, कालपास्नं जाग्यावरनं हाललाच न्हाय. आजारी हाय का काय?” त्याला कात टाकायची होती. पिल्लू मोठं होताना पाठ उकलून जुन्या कातडीतून बाहेर येतं आणि रिकामी कात गवतावर तशीच लटकत राहते, पायांसकट, सोंडेसकट. आक्कानं ते डोळ्यांनी बघितलं तेव्हा तोंडावर हात ठेवून “यव्वा!” म्हणाली आणि अव्वाला हाक मारून बोलावलं, जसं काही शेजारच्या घरात कुणी बाळंत झालीय. मधे एक आठम, म्हणजे आमची व्रताची अष्टमी, येऊन गेली. त्या दिवशी ती काचांपुढं हात जोडून बसली आणि माझ्याकडं मात्र रागानं बघितलं. तेवढ्यावर निभावलं म्हणून मी पुढचा विचार केला नाही.

सरांना किडे दाखवायचे होते त्या परीक्षेच्या दिवशी मी उजाडताना उठले. आप्पा गोठ्याच्या दारात विळ्याला धार लावत होते आणि अव्वाला सांगत होते की आज मागच्या कोपऱ्यातलं गवत काढायचं, बाकी कुठं काही उरलं नाही. मी डबे उचलायला गेले. दोन्ही काचांवरची फडकी नीट घडी करून शेजारी ठेवलेली. आत गवत होतं, गवतावर काती होत्या, फुटलेल्या अंड्यांची टरफलं होती. किडा एक नव्हता.

“आक्का!” मी अशी ओरडले की म्हशी उठून उभ्या राहिल्या.

ती परसातून आली. नुकती अंघोळ झालेली, केस ओले. “सोडलं की पहाटं. चौदस हाय आज, चौमासातली. आज जीव कोंडून ठिवू व्हय? कोपऱ्यातच सोडलंय, जिथलं तिथं. काती ऱ्हाऊ दिल्या, त्यात जीव न्हाय.”

“अगं, आज परीक्षा आहे!”

“मग? चौदशीची कसली परीक्षा? म्होरं ढकलतील की.”

यात तिचा कांगावा नव्हता. आमच्या घरात चौदशीला पेरणी थांबायची, मळणी थांबायची, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांची बोलणी थांबायची. आप्पांचा विळा तेवढा थांबत नसे, कारण म्हशींना तिथी कळत नाही, असं ते म्हणत. कॉलेजही आपल्यासारखंच थांबणार असं आक्काला मनापासून वाटलं होतं. मी कोपऱ्याकडं धावले. गवत दवानं चिंब, परकर गुडघ्यापर्यंत भिजला. जरा हात लागला की टिकल्या खाली पडून मातीत दिसेनाशा व्हायच्या, आणि भाल्या तर ओल्या काडीवर काडीच होऊन बसले असणार. स्टेशनातून गाडीची घंटा ऐकू आली. मी रडत परत आले, ते तसेच रिकामे डबे पिशवीत घातले आणि निघाले. गाडीत मला सगळा वेळ एकच दिसत होतं. आप्पा कोपरा कापतायत, गवत झटकलं जातंय, भाल्या आणि टिकल्या चारी दिशांना पांगल्यायत आणि माझ्यासाठी इचलकरंजीहून एक स्थळ आलंय.

“किडे कुठायत?” सरांनी काच वर करून विचारलं.

“सोडले सर.”

“कुणी सोडले?”

“आत्यानं. आज चौदस आहे.”

वर्गात खसखस पिकली. आजूबाजूला टाचण्या टोचलेल्या पेट्यांची रांग होती, फुलपाखरं, भुंगे, चतुर, आणि मधे माझे गवताचे दोन डबे. सरांनी भिंग मागवलं आणि एक कात चिमट्यानं उचलली. “ही कुणाची?” मी सांगितलं. पुढं टोक आहे म्हणजे भाल्याची. दुसरी उचलली. ती टिकलीची, गोल, काळपट. मग अंड्यांची टरफलं, मग कोण कुठं बसतो, धक्का लागला की कोण काय करतो. एकदा सांगायला लागले ती थांबेनाच. सरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी भिंग खाली ठेवलं.

“तुला येतंय, यात मला शंका नाही. पण मी जिवंत म्हणालो होतो. या पोरांनी पेट्या आणल्यात, त्यांना मी काय सांगू? टर्मची यादी उद्या दुपारी ऑफिसात जाते. त्याच्या आत दोन्हीतला एकेक मला टेबलावर दिसला पाहिजे. नाहीतर माझा नाइलाज आहे बाळ.”

ते ‘बाळ’ म्हणाले म्हणून मला जास्त रडू आलं.

परत येताना गाडी रखडली. स्टेशनातून घराकडं चालत निघाले तर लांबूनच म्हशींचं हंबरणं कानावर आलं. म्हटलं, चला, गवत कापून झालं, झटकणंही चाललंय. दारात अव्वा उभी होती, कपाळाला आठ्या. “आलीस? आधी तुझ्या आत्याला उठीव जा. सकाळधरनं तिथं बसलीया, उनातान्हात, उपाशीपोटी.”

“कुठं?”

आतून आप्पांचा आवाज आला. ते दुभत्या म्हशींसाठी राखलेला कडबा तोडत होते आणि प्रत्येक घावाला एकेक वाक्य बोलत होते. “इळा घिऊन गेलतो. आडवी आली. म्हनली, आदी माझ्यावर चालीव. पोरीचं काम ऱ्हायलंय म्हनं अजून. ह्यो कडबा काय तुझा मास्तर देनार हाय?”

मी पिशवी तिथंच टाकली. गोठ्यामागं गेले तर कोपरा होता तसाच, कमरेएवढा, तुऱ्यांवर उतरतं ऊन. बांधावर आक्का बसली होती, डोक्यावरून पदर, ओठ सुकलेले, मांडीवर एक काठी. शेरडं हाकलायला असावी. मला बघून तिनं सरकून जागा केली.

“म्होरं ढकलली का परीक्षा?”

मला एकदम हसू आलं आणि रडूही. “व्हय,” मी म्हटलं. “उद्यावर ढकलली.”

“मी म्हनलं न्हवतं?” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

मी तिच्या शेजारी टेकले. समोरच्याच देठावर एक भाल्या होता. मी मान कलती केली तसा तो पलीकडं सरकला. टिकल्याही होत्या, तुऱ्यांवर, ऊन खात. उद्या सकाळी दवात पुन्हा हुडकत बसण्यापेक्षा आत्ताच दोन धरून ठेवावेत असं मनात आलं आणि माझा हात आपोआप पुढं गेला. आक्कानं मनगट धरलं. तिचा हात तापलेला होता.

“आज न्हाय. आज चौदस हाय,” ती म्हणाली. “उद्या धर. मी बी येतो हुडकायला.”